अलिबागची काटकसरी सहल : एक अभ्यास

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरे ज्या ठाणे जिल्ह्यात मोडतात त्या जिल्ह्याला पूर्वी डहाणू, बोर्डी, केळवे असा ऐसपैस समुद्रकिनारा होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा वेगळा जिल्हा निघाला तेव्हा या किनाऱ्याचा बहुतेक भाग वाटणीत तिकडे गेला आणि मूळ घराच्या पदरी उत्तनचा तुकडा, खाड्या व रेल्वेचे फलाट एवढेच उरले. या वाटणीला या तीन शहरांतून कोणी हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही, कारण हरकत घेऊ शकणारी बहुतेक मंडळी त्या वेळी लोकलमध्ये उभी होती. या पट्ट्यातून समुद्राकडे नित्यनेमाने आणि विनातिकीट जाणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे उल्हास नदी. ती लोणावळा-राजमाचीच्या डोंगरांतून खाली उतरते, बदलापुरावरून कल्याणकडे येते आणि वसईच्या खाडीवाटे अरबी समुद्राला मिळते. माणसांना मात्र समुद्रदर्शनाआधी ‘बजेट काढणे’ हा विधी पार पाडावा लागतो, आणि प्रस्तुत लेखाचा विषय हाच विधी व त्याचे परिणाम असा आहे.

काटकसरी सहल म्हणजे कमी पैशांत केलेली सहल, ही व्याख्या वरवर पाहता पुरेशी वाटते. अभ्यासाअंती दिसते ते असे, की या सहलीचा एकूण खर्च कमी होतच नाही. तो पैशांच्या रकान्यातून उचलून वेळ, झोप, पाय आणि नातेसंबंध या रकान्यांत टाकला जातो, आणि या रकान्यांची बेरीज कोणी मांडत नसल्यामुळे सहल स्वस्तात पार पडल्याचे समाधान सर्वांना सारखेच मिळते. पैसे उभे करण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिली ‘कॉन्ट्री’, म्हणजे प्रत्येकाने ठराविक रक्कम एकाच्या हाती देणे आणि त्याने हिशेब ठेवणे. दुसरी ‘टीटीएमएम’, म्हणजे तू तुझे, मी माझे. पहिल्या पद्धतीत भांडण सहलीनंतर होते, दुसरीत ते सहलीच्या दरम्यान, बहुधा पाण्याच्या बाटलीवरून होते. कौटुंबिक सहलींत एक तिसरी पद्धतही आढळते, तीत एकच जण सगळा खर्च करतो आणि पुढील दोन वर्षे प्रत्येक लग्नकार्यात त्याचा ओझरता उल्लेख करतो.

स्थळाची निवड हा या विधीचा पहिला टप्पा होय. निवड सहसा गोव्यापासून सुरू होते. व्हॉट्सअ‍ॅपवर गट तयार होतो, त्याला साजेसे नाव दिले जाते, कोणीतरी सूर्यास्ताचे चित्र टाकतो, आणि मग रेल्वेचे आरक्षण, मुक्कामाचे दर व दोन दिवसांची रजा या तीन गोष्टी एकेक करून पुढे येऊ लागतात तसतसे स्थळ उत्तरेकडे सरकू लागते: गोव्याचे तारकर्ली होते, तारकर्लीचे गणपतीपुळे, गणपतीपुळ्याचे दिवेआगर, आणि अखेरीस ‘एका दिवसात जाऊन येऊ’ हे ऐतिहासिक वाक्य उच्चारले जाऊन सर्व वाद अलिबागपाशी मिटतात. अर्थात गटाचे नाव बदलले जात नाही, त्यामुळे ‘गोवा गँग’ या नावाचे अनेक गट आजही अलिबागच्या किनाऱ्यावर भेळ खाताना दिसतात.

वेशभूषेचा प्रश्न मात्र या पट्ट्यात कधीच निर्माण होत नाही. उल्हासनगर हे कपड्यांचे शहर आहे. जीन्स शिवण्याच्या व्यवसायासाठी ते देशभर ओळखले जाते, आणि तेथील जपानी बाजारात किंवा गजानन मार्केटात समुद्रकाठी घालण्याजोगे काय मिळत नाही असे विचारणे अधिक सोपे ठरेल. नारळाची झाडे छापलेला सदरा, गुडघ्यापर्यंतची चड्डी, गवती टोपी, काळा गॉगल असा संपूर्ण सरंजाम मुंबईतल्या एका सदऱ्याच्या किमतीत घेऊन, सहलीचा पाव खर्च समुद्र दिसण्यापूर्वीच करून मोकळे होणे ही येथील रूढ पद्धत आहे, आणि हा खर्च बजेटमध्ये धरला जात नाही, कारण कपडे ‘नंतरही वापरता येतात’. नारळाच्या झाडांचा सदरा नंतर कोठे वापरला गेला याची नोंद मिळत नाही. येथे हेही सांगितले पाहिजे, की या शहराचे समुद्राशी असलेले नाते बाजारापेक्षा जुने आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांसाठी कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वसाहत झाली आणि १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. या निर्वासितांत कराचीचे, म्हणजे बंदराच्या गावचे, लोक होते, आणि त्यांतले कितीतरी जहाजानेच मुंबईला उतरले होते. समुद्राच्या गावाहून समुद्रमार्गे येऊन ज्यांना समुद्र नसलेल्या छावणीत बराकी मिळाल्या, त्यांच्या नातवंडांनी सुट्टीच्या दिवशी किनारा गाठण्यासाठी धडपड करावी यात हसण्यासारखे फार नाही. हसण्यासारखा आहे तो केवळ सदरा.

आता मार्ग. अलिबागला जाण्याचे काटकसरी मार्ग दोन. एक पाण्याचा, दुसरा एसटीचा.

पाण्याच्या मार्गाचा सारा पाया ‘पास’ या संस्थेवर उभा आहे. पास म्हणजे लोकलचे मासिक किंवा त्रैमासिक तिकीट; ते नोकरीसाठी काढलेले असले तरी रविवारीही चालते, आणि म्हणून बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हा ६८ किलोमीटरचा प्रवास पासधारकाच्या मते ‘फुकट’ असतो. आठवड्यातले सहा दिवस ज्या डब्याला शिव्या दिल्या त्याच डब्यात सातव्या दिवशी सहकुटुंब चढणे हे या ‘फुकट’चे मोल आहे. शिवाय कुटुंबातील इतरांकडे पास नसतो, त्यांची तिकिटे काढावीच लागतात. पण कुटुंबप्रमुखाचे तिकीट वाचले या आनंदात ती बाब मागे पडते. प्रवासाची सुरुवातही वैशिष्ट्यपूर्ण असते. अंबरनाथचा अनुभवी प्रवासी मुंबईकडे जाण्यासाठी प्रथम उलट दिशेने बदलापूरला जातो, तेथे सुटणाऱ्या गाडीत खिडकी धरतो आणि त्याच गाडीने पुन्हा अंबरनाथवरून मुंबईकडे निघतो. पश्चिमेचा समुद्र पाहण्यासाठी आधी पूर्वेकडे जाणारा असा प्रवासी कोलंबसानंतर याच मार्गावर पाहायला मिळतो, फरक इतकाच की कोलंबसाची दिशा उलट होती आणि त्याला खिडकीची चिंता नव्हती.

येथे ‘मेगाब्लॉक’ ही संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. रूळ, सिग्नल आणि ओव्हरहेड तारा यांच्या दुरुस्तीसाठी रेल्वे रविवारी काही तास एखादा मार्ग बंद ठेवते, धीम्या गाड्या जलद मार्गावर किंवा जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवते, आणि या सर्व प्रकाराची सूचना वर्तमानपत्रात आदल्या दिवशी छापून येते. ही सूचना वाचणारे लोक सहलीला जात नाहीत आणि सहलीला जाणारे लोक ती वाचत नाहीत. परिणामी मुलुंडच्या अलीकडे-पलीकडे कोठेतरी गाडी थांबते, डबे उघडून चपाती-भाजी बाहेर निघते, आणि दुपारच्या जेवणाचा खर्च सकाळी साडेनऊलाच निकालात निघतो.

टर्मिनसपासून गेटवे ऑफ इंडिया हे अंतर अडीच किलोमीटरच्या घरात आहे. ‘चालत चालत जाऊ, फोर्ट बघत बघत जाऊ’ असे ठरते. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच आणि कॅटामरान यांच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बसचा प्रवास धरलेला असतो ही फार मोठी सोय आहे, आणि काटकसरी प्रवासी ती अशा अभिमानाने सांगतो की जणू ही सवलत त्यानेच घासाघीस करून मिळवली. सुमारे तासाभराच्या या जलप्रवासात हिवाळ्याच्या दिवसांत कुरव नावाचे पांढरे समुद्रपक्षी नावेच्या मागे झुंडीने उडतात आणि प्रवाशांनी फेकलेला खाऊ हवेतच पकडतात. बाहेरच्या दरापेक्षा स्वस्त म्हणून घरून निघताना चपाती-भाजीच्या जोडीला जे चिवडा-कुरकुरे बांधून घेतले होते, ते येथे संपतात. फोटो चांगले येतात.

दुसरा मार्ग एसटीचा, म्हणजे कल्याणहून शिळफाटा, पनवेल, पेण, वडखळ, पोयनाड आणि कार्लेखिंड असा. थेट गाडी मिळाली नाही तर पनवेलला बदलावी लागते. या मार्गाने जाणाऱ्यास वाटेत एक उद्बोधक दृश्य दिसते: पेणहून थळच्या आरसीएफ खतकारखान्यापर्यंत मालगाडीचा लोहमार्ग आहे, परंतु अलिबागला प्रवासी गाडी नाही, म्हणजे युरिया किनाऱ्यालगत रेल्वेने ये-जा करतो आणि माणसे वडखळ नाक्यावर वाहतूक कोंडीत बसून त्याचा विचार करतात. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि दीर्घकाळ चालूच राहिले, त्यामुळे या पट्ट्यातील एक अख्खी पिढी ‘पुढच्या वर्षी रस्ता होईल’ या वाक्यावर वाढली आहे.

तरीही शुद्ध अर्थशास्त्राच्या दृष्टीने एसटीला तोड नाही, आणि त्याचे कारण सवलती. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास विनामूल्य आहे, १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट आहे, ६५ ते ७५ या वयोगटालाही अर्धेच, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे आणि पाचच्या आतील मुलांना तिकीट नाही. या नियमांचा एकत्रित विचार केला असता असे दिसून येते की धडधाकट, कमावता, मध्यमवयीन पुरुष हा सहलीतील सर्वांत खर्चिक घटक असून तो घरी राहिल्यास सहलीचा दरडोई खर्च झपाट्याने उतरतो. बहुतेक घरांत हा निष्कर्ष गृहिणीने स्वतंत्रपणे काढलेला असतो. त्याउलट, एरवी ‘तुम्हाला दगदग होईल’ असे सांगून ज्यांना घर राखायला ठेवले जात असे त्या आजींना अचानक मानाचे स्थान प्राप्त होते: त्यांचे आधार कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी रुमालात आणि रुमाल कमरेच्या बटव्यात अशा तिहेरी बंदोबस्तात असते, कंडक्टर जवळ आला की हा बंदोबस्त उलगडायला पळस्पे फाटा यावा लागतो, आणि कार्डावरील छायाचित्र त्यांचेच आहे हे कंडक्टरला पटेपर्यंत पेण येते. मुलांच्या वयाबाबत तर स्वतंत्र संशोधन व्हावे. शाळाप्रवेशाच्या वेळी सहा वर्षे पूर्ण असलेला मुलगा एसटीत पावणेपाच वर्षांचा होतो, आणि कंडक्टरने ‘बाळ, कितवीत आहेस?’ असे प्रेमाने विचारल्यावर ‘दुसरीत’ असे खणखणीत उत्तर देऊन घरच्या अर्थसंकल्पाला खिंडार पाडतो.

अलिबागला पोहोचल्यावर समुद्र फुकट असतो, हा सार्वत्रिक समज तपासून पाहणे जरुरीचे आहे. समुद्र फुकट आहे. परंतु समुद्रातील कुलाबा किल्ला पाहायचा असेल तर भरती-ओहोटीचे गणित मांडावे लागते. शिवाजी महाराजांनी १६८० च्या मार्च महिन्यात या किल्ल्याच्या बांधकामास आरंभ केला आणि पुढे तो कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे बळकट ठाणे झाला. ओहोटीला किनाऱ्यावरून पायी जाता येते, पाणी थोडे असेल तर घोडागाडी लागते आणि भरतीला होडी. अर्थातच काटकसरी प्रवाशाला पायी जायचे असते, आणि येथे कोकणातला जुना हिशेब त्याच्या मदतीला येतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते, आणि तिच्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी लागून पाणी तळाला जाते. म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, त्यामुळे ओहोटी ऐन दुपारी बाराला. रविवारच्या सहलीसाठी वेळ नामी. परंतु अष्टमीच्या सुमाराची भरती-ओहोटी ही ‘भांगा’ची, म्हणजे चंद्र-सूर्यांची ओढ एकमेकींना आडवी जात असल्यामुळे कमजोर असते आणि पाणी पुरते हटत नाही. पौर्णिमा-अमावास्येला ‘उधाण’ असते, त्या दिवशी ओहोटीही दणदणीत, वाट कोरडी होण्याजोगी. पण ती होते पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. पहाटे सहाला बदलापूरचा प्रवासी शेअर रिक्षात चौथ्या सीटची वाट पाहत असतो आणि संध्याकाळी सहाला त्याला परतीची गाडी गाठायची असते. मधला मार्ग म्हणून द्वादशी धरावी: बारा गुणिले पाऊण म्हणजे नऊला भरती, तीनला ओहोटी, पाणीही बऱ्यापैकी उतरलेले, शिवाय एकादशीचा उपास आदल्या दिवशी उरकल्यामुळे मासळी खाण्यास आडकाठी नाही. वर्षात चोवीस-पंचवीस द्वादशा येतात, त्यांतल्या तीन-चार रविवारी पडतात, पावसाळ्यातल्या वगळल्या तर दोन-तीन उरतात आणि त्यांतील एका दिवशी मेगाब्लॉक असतो. सर्वसामान्य प्रवासी हे गणित मांडत नाही. तो अकराला किनाऱ्यावर पोहोचतो, पाण्याकडे पाहतो, होडीचा भाव विचारतो आणि ‘किल्ला इथूनच चांगला दिसतो’ असा निर्णय देतो.

जे किल्ल्यात पोहोचतात त्यांना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे तिकीट काढून आत जावे लागते, आणि आत जे आहे ते तिकिटाच्या मानाने पुष्कळ आहे: १७५९ च्या सुमारास राघोजी आंग्र्यांनी बांधलेले गणेशपंचायतनाचे देऊळ, चारी बाजूंनी खारे पाणी असूनही गोड्या पाण्याचा साठा, आणि चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या दोन इंग्रजी तोफा, ज्यांच्यावर १८४९ हे साल कोरलेले आहे. या तोफांवर मुलांना बसवून फोटो काढला जातो आणि परतीची घाई सुरू होते, कारण पाणी चढू लागल्यावर होडीवाल्याशी घासाघीस करण्याची प्रवाशाची ताकद मिनिटागणिक घटत जाते, हे दोन्ही पक्षांना ठाऊक असते. अलिबागच्या माणसाला भोळा समजण्याची जी रीत महाराष्ट्रात रूढ आहे, जिच्यावर बंदी घालावी अशी याचिका २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दाखल होऊन फेटाळलीही गेली, त्या रीतीची खरी तपासणी या होडीपाशी करावी.

अलिबागेत फुकट पाहण्याजोगी आणखी एक गोष्ट म्हणजे भूचुंबकीय वेधशाळेची इमारत, अर्थात बाहेरून. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यामुळे तेथील कुलाब्यातल्या नाजूक चुंबकीय उपकरणांच्या कामात व्यत्यय येणार, म्हणून १९०४ मध्ये ही निरीक्षणे अलिबागला हलवण्यात आली. मुंबईचा त्रास नको म्हणून अलिबागला जागा घेणाऱ्यांची जी थोर परंपरा पुढे उद्योगपती, खेळाडू आणि चित्रपटतारे यांनी चालवली, तिचा पहिला मान या उपकरणांकडे जातो.

भोजनाच्या बाबतीत मतभेद तीव्र असतात. सिंधी कुटुंबे कोकी, म्हणजे कांदा-मिरची घालून मंद आचेवर भाजलेली जाड, टिकाऊ पोळी, घरूनच आणतात आणि बहुधा सर्वांत सुखी असतात. मराठी कुटुंबांतही डबा असतो, पण तो मेगाब्लॉकमध्ये कामी आलेला असतो. शिवाय समुद्रावर येऊन मासळी न खाता जाणे हे पाप मानले जाते. खानावळीच्या फलकावर बांगडा थाळी, सुरमई थाळी यांचे भाव खडूने स्पष्ट लिहिलेले असतात, मात्र पापलेटसमोर ‘साइजप्रमाणे’ एवढाच शब्द असतो. काटकसरी सहलीचे सगळे अर्थशास्त्र या एका शब्दापाशी येऊन अडते. कारण साइज विचारली की पोऱ्या थाळीत घालून पापलेटच आणून दाखवतो. सगळी मंडळी त्याच्याकडे पाहतात, ते सगळ्यांकडे पाहते, आणि एवढ्या लोकांसमोर ‘नको, बांगडाच द्या’ म्हणण्याचे धैर्य कुटुंबप्रमुखाच्या अंगी नसते. लोकल फुकट, आजी फुकट, किल्ला किनाऱ्यावरून पाहिलेला, अशी दिवसभर जपलेली बचत तेथे कालवणासह संपते, आणि त्या वेळी आजी शांतपणे विचारतात की सोलकढीचे वेगळे पैसे पडतात का.

परतीच्या वाटेवर पांढऱ्या कांद्याची माळ घ्यावीच लागते. अलिबागच्या या गोडसर कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, तो उन्हाळ्याच्या तोंडाशी रस्त्याच्या कडेला वेण्या घालून टांगलेला असतो, आणि तो खरोखर चांगला असल्यामुळे त्यावर विनोद करण्याचे कारण नाही. गर्दीच्या डब्यात ती माळ डोक्यावर धरून ठाणे ते बदलापूर उभ्याने येणाऱ्याबद्दल आदरच बाळगला पाहिजे.

हिशेब सोमवारी होतो. कॉन्ट्री जमवणारा यादी टाकतो, यादीत ‘इतर’ या नावाची एक रक्कम असते, ‘इतर म्हणजे काय’ असा प्रश्न येतो, आणि गटातून दोघे बाहेर पडतात. महिन्याभराने त्यांना पुन्हा घेतले जाते, कारण गोव्याचा विषय निघालेला असतो.

या सर्व निरीक्षणांवरून काही व्यवहारोपयोगी गोष्टी सांगता येतात. लाँचसेवा पावसाळ्यात बंद असते, तेव्हा पासाच्या भरवशावर जूनमध्ये गेटवेला जाऊ नये. रविवार टाळता आला तर टाळावा. बुधवारी अलिबागचा किनारा निम्मा रिकामा असतो आणि एसटीत बसायला मिळते. कंडक्टरला मुलाचे खरे वय सांगावे, मुलगा ते सांगणारच आहे. आणि घरात पंचाहत्तरी ओलांडलेले कोणी असेल तर त्यांना अवश्य न्यावे, आधार कार्ड बस सुटण्यापूर्वीच बटव्यातून काढून घ्यावे आणि तिकीट लागत नाही म्हणून त्यांना मधल्या सीटवर न बसवता खिडकी द्यावी.